तीस-नव्वदचे कोट

जावयाने आजवर तीन धंदे बुडवले होते आणि तिन्ही वेळा जवळपास पाणी नव्हतं. पहिला मेणबत्त्यांचा, दुसरा मोडक्या सायकली दुरुस्त करून विकण्याचा, आणि तिसरा नक्की कशाचा होता हे त्याच्या बायकोलाही शेवटपर्यंत कळलं नाही. चौथा धंदा मात्र पाण्यातलाच होता. तो सासूबाईंचा होता आणि चांगला चालला होता, त्यामुळे जावई त्यात हात घालतोय म्हटल्यावर घरात सगळेच सावध झाले.

सासूबाईंचं धुलाईचं दुकान कोपऱ्यावर होतं. आत गोल काचेच्या दारांची चार मोठी मशीनं, मध्ये पत्रा ठोकलेलं लांब टेबल, भिंतीशी दोन इस्त्र्या, आणि छताच्या दांड्यांवर लोकांचे कपडे, आत लोक नसलेले. वरच्या मजल्यावर सासूबाई, मुलगी आणि जावई राहत. मुलगी दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. जावई कुठेच जात नव्हता.

सासूबाईंचे गुडघे आता ऐकेनासे झाले होते. शहरभर धुलाईच्या दुकानांची साखळी असलेला एक माणूस बरेच दिवस दुकान मागत होता. घरात त्याला साखळीवाला म्हणत. शनिवारी संध्याकाळी सहाला तो शेवटचं उत्तर घ्यायला येणार होता.

दुकान विकलं गेलं तर जावयाची सोय झालेली होती, आणि भीती नेमकी तिचीच होती. थोरल्या मुलीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, एका मोठ्या ऑफिसात साहेब होता. त्याने आपल्या हाताखाली जावयासाठी खुर्ची बघून ठेवली होती. "एक चाक जरा कमी आहे तिला," असं साडूने सगळ्यांदेखत हसत सांगितलं होतं, "पण तुला सवय आहे ना, सायकलींची."

"विकू नका, आई," जावई एका सकाळी म्हणाला. "दुकान मी चालवतो."

"तुम्ही?"

"मी नाही, प्रोग्रॅम. मी पायथॉन शिकतोय, कॉम्प्युटरची भाषा. मशीनं आपोआप चालतील. तुम्हाला उठायलाच नको."

"मला उठायला नको हे तुमच्याआधी डॉक्टरांनी सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी उठत जा."

तो संध्याकाळच्या क्लासला जात होता हे खरं होतं. क्लास अगदी नवशिक्यांचा होता. घरी आला की तो बायकोला शिकवायचा, कारण दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं.

"हे बघ, पायथॉनमधला क्लास म्हणजे साचा. मशीन कसं असतं ते एकदाच लिहायचं, आणि त्या साच्यातून आपली चारही मशीनं काढायची. मशीनला जे काम येतं ती त्याची मेथड. आपल्या मशीनला काय येतं?"

"धुणं."

"म्हणून मेथडचं नाव धू. आता नुसतं धू म्हणून भागत नाही. किती वेळ धू, किती गरम पाण्यात धू, ते पुढे कंसात सांगायचं. ती आर्ग्युमेंटं."

"आणि मशीन ऐकतं?"

"ऐकतंच."

"तुझं?"

सुरुवातीला ऐकत नव्हतं. त्याने धू लिहिताना कंसात दोन जागा ठेवल्या, एक वेळेची, एक तापमानाची. मग दोन आकडे पाठवले. पायथॉनचं उत्तर आलं की ही मेथड दोनच घेते, तुम्ही तीन दिलेत. जावयाने बोटांवर मोजलं. दोनच होते. त्याने कंस उघडून पाहिला, कंस मिटून पाहिला, की-बोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, तिसरं आर्ग्युमेंट पडलं नाही.

शेवटी क्लासच्या मास्तरांनी समजावलं. मशीनच्या मेथडला हाक मारली की ते मशीन स्वतः न बोलावता सगळ्यात पुढे येऊन बसतं, म्हणून मेथड लिहिताना पहिली जागा त्याच्यासाठी सोडायची. त्या जागेला सेल्फ म्हणतात. तुम्ही त्याला पाठवायचं नसतं, ते येतंच.

बाकीच्या वर्गाला हे समजायला दोन तास लागले. जावयाला तिथल्या तिथे समजलं, कारण तो सासुरवाडीत राहत होता. तो बायकोला हाक मारायचा तेव्हा सासूबाई पहिल्या यायच्या. "चहा घेणार का गं?" असं त्याने बायकोला विचारलं की "अर्धा, साखर कमी," हे उत्तर सासूबाईंच्या खोलीतून यायचं. त्याने सेल्फची जागा सोडली आणि तक्रार थांबली.

दुसरी भानगड मात्र बोंबलत आली नाही. मास्तरांनी घरी करायला दिलेलं उदाहरण पावाच्या भट्टीचं होतं. भट्टीला भाज नावाची मेथड होती आणि तिच्या कंसात सेल्फनंतर आधी मिनिटं होती, मग तापमान. जावयाने भट्टीच्या जागी मशीन लिहिलं, भाजच्या जागी धू लिहिलं, आणि बाकी जसंच्या तसं ठेवलं. चालतंय ते कशाला बदला.

सासूबाईंची बोली उलटी होती. त्या कोणतंही गाठोडं हातात आलं की दोन आकडे पुकारत, आधी पाणी किती गरम, मग किती मिनिटं. चादरी म्हणजे साठ-साठ. खानावळीतले अॅप्रन, तेलाने मळलेले, म्हणजे नव्वद-तीस. लोकरीचे कपडे तीस-नव्वद, कोमट पाण्यात, कासवाच्या चालीने. गिऱ्हाइकांनाही त्यांनी हीच नावं दिली होती. "ते नव्वद-तीस पुन्हा उधारीवर आलंय," असं त्या म्हणत तेव्हा ते खानावळवाल्याबद्दल असे.

जावयाने हे आकडे त्यांच्या तोंडून जसे पडले तसे कंसात भरले. आकड्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं की तो अंश आहे की मिनिट. पायथॉनही विचारत बसत नाही. पहिला येईल त्याला पहिल्या खुर्चीत बसवतो, दुसरा येईल त्याला दुसऱ्या.

आठवडाभर त्याने चाचणी घेतली. कोपऱ्यापलीकडच्या लॉजच्या चादरी रोज ढिगाने यायच्या, त्यामुळे चाचणी चादरींवर झाली. साठ-साठ पुकारलं, साठ-साठ धुतलं गेलं. चादरी बगळ्यासारख्या पांढऱ्या निघाल्या. एकदाही चूक झाली नाही, आणि होणारही कशी होती.

"बघा आई," जावई चादर फडकवत म्हणाला.

"चादरी तर गाढवही धुवेल," सासूबाई म्हणाल्या, पण चादर नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी ही स्तुती होती.

मग अट ठरली. शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दुकान प्रोग्रॅमवर चालेल. नीट चाललं तर साखळीवाल्याला नकार आणि दुकानाच्या किल्ल्या जावयाकडे. नाही चाललं तर साखळीवाल्याला होकार, आणि जावयाला खुर्ची.

"माझीही एक अट आहे," जावई म्हणाला. "दिवसभर तुम्ही मशीनला हात लावायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर उद्या लोक म्हणतील, सासूनेच चालवलं."

"मी कशाला बोलू?"

"तुम्ही बोलता, आई."

"कधी?"

मुलगी, जावई आणि दारात उभा असलेला इस्त्रीवाला, तिघंही जमिनीकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "बरं. दिला शब्द."

पंच म्हणून साडूला बोलावलं. तो शनिवारी बरोबर दहाला आला, लॅपटॉपमध्ये डोकावला आणि म्हणाला, "वा, ओळी सरळ आहेत." प्रोग्रॅमबद्दलचं त्याचं ज्ञान इथे संपत होतं. मग त्याने खुर्ची घेतली आणि दिवसभर सोडली नाही.

सासूबाई कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसल्या. जावई टेबलाशी, मशीनंकडे पाठ करून, लॅपटॉपसमोर बसला. पडद्यावर थोड्याथोड्या वेळाने एक ओळ उमटत होती, "सगळं व्यवस्थित चालू आहे." ही ओळ उमटावी असं त्यानेच लिहिलं होतं. सगळं व्यवस्थित चालू आहे का, हे आधी तपासावं असं लिहायचं राहून गेलं होतं.

पहिला घाणा चादरींचा. झकास निघाल्या. साडू म्हणाला, "अरे, जमतंय की तुला," आणि त्याचा चेहरा जरा पडला.

दुसरा घाणा खानावळीच्या अॅप्रनचा. ते तीस अंशांच्या पाण्यात दीड तास डुलत राहिले आणि जसे गेले तसेच बाहेर आले, फक्त ओले.

"साबण भेसळीचा आहे," जावई म्हणाला.

सासूबाईंच्या घशातून एक आवाज निघाला.

"आई, खोकला चालेल," साडू म्हणाला, "पण अर्थपूर्ण नको."

तिसरा घाणा बँडचा होता. गावातल्या बँडचे सगळे कोट, गर्द लाल लोकरीचे, पितळी बटणांचे. दुसऱ्या दिवशी नव्या पुलाचं उद्घाटन होतं आणि बँड पुलावरून वाजवत जाणार होता. बँडमास्तर दुपारी तीनला स्वतः गाठोडं टाकून गेला होता आणि संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला होता. कोट घालूनच तालीम होती.

जावयाने कोट मशीनमध्ये भरले, दार लावलं, लॅपटॉपवर ओळ चालवली. तीस, नव्वद. पायथॉनने तीस मिनिटांच्या खुर्चीत बसवले आणि नव्वद अंशांच्या. मशीनने पाणी उकळायला घेतलं.

सासूबाईंना पाच मिनिटांत कळलं. काच धूसर व्हायला लागली. तीस अंशांना काच धूसर होत नाही. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मशीनवरचा काटा त्यांना तिथूनही दिसत होता. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने लॅपटॉपकडे पाहिलं. सगळं व्यवस्थित चालू आहे.

आता बोलायचं म्हटलं तर बोलता आलं असतं. एकच शब्द पुरला असता. पण त्या बोलल्या की चाचणी मोडली, आणि मग जन्मभर जेवताखाताना ऐकायला लागणार होतं की सगळं झकास चाललं होतं हो, आईच मध्ये बोलल्या. जावयाला त्या ओळखून होत्या. शिवाय शब्द दिलेला. आणि शब्द सासूबाईंनी आयुष्यात इतक्या कमी वेळा आवरले होते की हा एक तरी निभवावा असं त्यांच्या मनाने घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्या वेताच्या खुर्चीत बसून खात होत्या.

शब्द दिला होता, भुवया दिल्या नव्हत्या. त्यांनी भुवया उंचावल्या.

"आईंना कौतुक वाटतंय," जावई खुश होऊन म्हणाला.

त्यांनी डोळे मोठे करून मशीनकडे वळवले, परत जावयाकडे आणले, परत मशीनकडे नेले.

"अरे, त्यांना काहीतरी होतंय," साडू म्हणाला. "आमच्या ऑफिसात एकाचं असंच झालं होतं. एक बाजू गेली. आई, डावा हात वर करा बरं."

सासूबाईंनी डावा हात वर केला आणि जाता जाता मशीनकडे बोट दाखवलं.

"इशारा ग्राह्य नाही," साडू म्हणाला. "पण हात हलतोय, म्हणजे ठीक आहेत."

त्यांनी हात खाली घेतला आणि त्याच्यावर बसल्या. उरलेला वेळ त्यांनी काचेकडे बघत काढला. आत लाल रंगाचं काहीतरी गरगरत होतं आणि दर गरक्याला थोडं लहान होत होतं.

अर्ध्या तासात मशीन थांबलं. "दीड तासाचं काम अर्ध्या तासात!" जावई म्हणाला. "बघितलं?" त्याने दार उघडलं. वाफेचा लोट आला. तो ओसरल्यावर त्याने एक कोट बाहेर काढला आणि उजेडात धरला.

कोट सुरेख झाला होता. रंग तसाच, बटणं चकचकीत, शिवण जागच्या जागी. फक्त तो सहा वर्षांच्या मुलाचा होता.

"हा कोणाचा?" साडूने विचारलं.

"बासरीवाल्याचा असेल," जावई आशेने म्हणाला. "बारीक आहे तो." त्याने दुसरा काढला. तिसरा काढला. बँडमधली सगळीच माणसं बारीक असण्याची शक्यता हळूहळू मावळत गेली.

त्याने लॅपटॉप जवळ ओढला. ओळ वाचली, मग मेथड वाचली, मग परत ओळ. बोट ठेवून वाचलं. "मिनिटं, तापमान," तो पुटपुटला. "तीस, नव्वद." मग त्याचं बोट थांबलं. "आई, मी कोट भाजले."

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते, सहाला अजून वेळ होता.

"नावं घालून पाठवायचे होते आकडे," जावई स्वतःशीच बोलत राहिला. "तापमान बरोबर तीस, मिनिटं बरोबर नव्वद, असं लिहिलं असतं तर पुढेमागे कसंही आलं तरी बरोबर खुर्चीत बसले असते. मास्तरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिसरं आर्ग्युमेंट शोधत होतो." त्याने ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त केली. दुरुस्ती अगदी अचूक होती आणि कोटांना तिचा काहीही उपयोग नव्हता.

साडेपाचला बँड आला, इथूनच कोट घालून जायचं म्हणून सगळेच बनियनवर. जावयाने कोट दांडीवर ओळीने लावून ठेवले होते. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नव्हतं.

"हे कोणाचे?" बँडमास्तरने विचारलं.

"तुमचे."

"आमचे नाहीत. आमचे मोठे आहेत."

"होते," साडू म्हणाला.

ढोलवाला हा बँडमधला सगळ्यात अवाढव्य माणूस. त्याचा स्वभाव मदत करण्याचा. "लोकर आहे मास्तर, ताणते," असं म्हणत त्याने सगळ्यात मोठा कोट उचलला आणि दोघांनी मागून ओढत त्याला त्यात बसवलं. हात कोपरापर्यंत गेले आणि अडकले. बटणाचा प्रश्नच नव्हता. मग कोट काढायला घेतला तर निघेना. ढोलवाला दोन्ही हात अर्धवट वर, शरण आल्यासारखा, दुकानाच्या मधोमध उभा राहिला.

"श्वास सोड," बँडमास्तर म्हणाला.

"सोडलाय," ढोलवाला म्हणाला. "परत घेता येत नाहीये."

नेमका तेव्हा साखळीवाला आत आला, हातात चामडी बॅग, पायात चकचकीत बूट. त्याने शरण आलेल्या माणसाकडे पाहिलं, दांडीवरच्या कोटांच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "लहान मुलांचंही घेता का तुम्ही?"

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. सगळ्यांची तोंडं वेताच्या खुर्चीकडे वळली.  एक चाक कमी असलेली खुर्ची जावयाला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती.

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत बँडमास्तर बोलला. "बाई, तुम्ही दिवसभर इथेच होतात?"

"होते."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

सासूबाईंकडे दिवसभराचे साठलेले शब्द होते. आठ तासांचे, वाफेवर शिजलेले. ते सगळे जावयासाठी राखून ठेवले होते आणि क्रमही लावलेला होता. पण प्रश्न आला तो भलत्याच बाजूने, आणि त्याचं उत्तर एकाच शब्दाचं होतं.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

"आणि बोलला नाहीत?"

"नाही."

बँडमास्तर त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याच्या लग्नातला कोटही याच दुकानात धुतला गेला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं," म्हणाला.

साखळीवाल्याने घसा साफ केला. "तर मग ताई, आपलं ठरलं ना? कागद आणलेत मी."

"कोट तुम्ही भरून द्याल?" सासूबाईंनी विचारलं.

"छे छे. आधीचं सगळं आधीच्या मालकाकडे. तो नियमच आहे आमच्याकडे."

"म्हणजे दुकान तुमचं आणि कोट माझे."

"अगदी बरोबर बोललात."

"आणि दुकान नसताना मी ते कुठून भरून देऊ? गच्चीवरून?" सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "न्या तुमचे कागद. नाही विकत."

"उद्या येऊ?"

"हे सगळे कोट नवे शिवून यांच्या अंगात जातील, त्याच्या दुसऱ्या दिवशी या. शिंपी आमचा हळू आहे. वर्ष धरून चला."

साखळीवाला गेला. साडूने पंच या नात्याने निकाल जाहीर करायला तोंड उघडलं. "म्हणजे अटीप्रमाणे बघायला गेलं तर..."

"तुम्ही बसा," सासूबाई म्हणाल्या. तो बसलेलाच होता.

"आई," जावई म्हणाला, "मग किल्ल्या?"

"किल्ल्या?" सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किल्ल्या माझ्याकडे राहतील. तुम्ही पण इथेच राहाल. वर्षभर माझ्या शेजारी उभे राहाल, आणि लोकर हाताने धुवाल. हाताने, जावईबापू. कोपरापर्यंत."

"आणि प्रोग्रॅम?"

"चादरी करू दे त्याला. चांगल्या करतो." मग त्या ढोलवाल्याकडे वळल्या आणि टेबलावरची मोठी कात्री उचलली. "या इकडे. आणि हलू नका."

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. दारातच तिला लाल कोटांची रांग दिसली, बनियनवरची माणसं दिसली, आणि आई एका धिप्पाड माणसाच्या पाठीत कात्री घालताना दिसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"जमलं?"

जावयाने विचार केला. दुकान विकलं गेलं नव्हतं. साडूची खुर्ची टळली होती. बाकीचं सांगायला बराच वेळ लागला असता.

"दुकान राहिलं," तो म्हणाला.

"हळू कापा बाई," आतून ढोलवाल्याचा आवाज आला. "आणि नवा शिवाल ना, तो असाच जाड करा. फार ऊब आहे हो याला."